मूळपदावर

गाडीची ताकद वाढवून देणारे पुण्यात गल्लोगल्ली भेटतात. वाढवलेली ताकद उतरवून द्या म्हटलं, की तेच लोक आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

माझी गाडी फियाट लिनिया टी-जेट. आपल्या रांजणगावची लेक. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कागदोपत्री ११४ अश्वशक्ती. २०१० साली ती आली तेव्हापासून माझा तिच्यावर डोळा होता. पण आमच्याकडे डोळा ठेवणं आणि पैसे मोजणं यांत साधारण एका तपाचं अंतर असतं. शेवटी जर्मनीला निघालेल्या एका तरुणाकडून ती मिळाली. "काका, स्टेज टू आहे," तो म्हणाला. हिचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने खुलासा केला, "म्हणजे ताकद वाढवलीय. चांगलं असतं, काकू."

टर्बो ही मुळात काटकसरी माणसाची कल्पना. इंजिनातून धूर बाहेर जातोच आहे, तर जाता जाता त्याच्याकडून एक चक्र फिरवून घ्यावं आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबावी. १९०५ साली याचं पेटंट घेणारे अल्फ्रेड ब्युखी स्वित्झर्लंडचे होते, यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. डोकं सदाशिव पेठेतलं वाटतं. चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. म्हणून दाब मर्यादेला पोचला, की वेस्टगेट नावाचं दार उघडतं आणि उरलेला धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. दार उघडतो अ‍ॅक्च्युएटर, आणि त्याला दाब कळतो एका रबरी नळीतून. आमच्या तरुणाने नेमका त्या नळीत पितळी कॉक बसवला होता. थोडी हवा वाटेतच सोडून द्यायची, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर समजतो, दाब अजून बेताचाच आहे. मधुमेही काकांनी काकूंना उपाशीपोटीचा रिपोर्ट दाखवावा आणि जेवणानंतरचा खिशात ठेवावा, तसला हा प्रकार.

ताकद वाढते, यात वाद नाही. पण आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल बेताच्या ऑक्टेनचं. दाब वाढला की ते वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला टोले बसतात. १०० ऑक्टेनचंही मिळतं. त्याचा भाव वाचला की टोले आपल्याला बसतात. शिवाय ही ताकद वापरायची कुठे? टर्बो जागा होईपर्यंत पुढचा स्पीडब्रेकर हजर. त्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह 'फिस्स्' करायचा, आणि सिग्नलला शेजारचा रिक्षावाला खाली उतरून चाकं तपासायचा. राहिलेला युक्तिवाद गाडीत मनमानी बदल करू न देणाऱ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने पुरा केला.

कॉक काढणं दोन मिनिटांचं काम. खरी पंचाईत मूळ वस्तूंची. एअर फिल्टरचा मूळ डबा कुठे आहे म्हणून जर्मनीला फोन लावला, तर "आईकडे असेल." होता. गॅलरीत, पुदिन्यासकट. "छान येतो हो यात," त्या माउली म्हणाल्या, "खाली भोक आहे ना, पाणी साचत नाही." इटालियन अभियंत्यांपर्यंत ही दाद पोचायला हवी होती. मी नवी कुंडी दिली, तेव्हा डबा सुटला. वर जुडीभर पुदिनाही मिळाला.

इंजिनाच्या संगणकातली, म्हणजे ईसीयूतली, मूळ फाइल तर कोणी जपूनच ठेवत नाही. ती अखेर ताकद वाढवून देणाऱ्याच्याच एका पेनड्राइव्हमध्ये 'लग्न फायनल २' या फोल्डरात सापडली. चढवायला जेवढे घेतले होते, त्याहून जास्त पैसे उतरवायचे पडले.

मला धीर होता तो ओल्ड्समोबिल जेटफायरचा. १९६२ सालची ही अमेरिकन गाडी, टर्बो लावून विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण पाजावं लागे. नावही झोकात, टर्बो-रॉकेट फ्लुइड. लोक ते भरायलाच विसरायचे. शेवटी कंपनीनेच टर्बो उतरवून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली. अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी जे रीतसर घडलं, त्यासाठी मला पुदिन्याची कुंडी मोजावी लागली, एवढाच फरक.

गाडी आता शहाण्यासारखी चालते. परवा पेट्रोल पंपावर एका पोरसवद्याने विचारलं, "काका, स्टेज किती?"

"कसली स्टेज? कंपनीची आहे तशी."

त्याने बॉनेट उघडायला लावलं. मूळ डबा, मूळ नळ्या, कुठे चमकणारं काही नाही. तो बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "कळलं, काका. एवढं सगळं लपवलंय म्हणजे केवढं केलं असेल! मी कोणाला बोलत नाही."

तो आमच्याच सोसायटीतला निघाला. आठवड्याभरात पार्किंगमध्ये माझी गाडी दोनशे अश्वशक्तीची झाली.