साडेसातीची रेंज किती असावी?

ऊस, पाऊस आणि आमदारकी या तीन विषयांवर ज्याला मत नाही असा माणूस सोनईत अजून जन्माला यायचाय. गेल्या पंधरवड्यात चौथ्या विषयाची भर पडली. अवकाशातल्या लढाऊ जहाजावर कोणतं शस्त्र बसवावं, आणि बसवलंच तर त्यानं समोरच्याची किती वाट लावावी, यावर सध्या सोसायटीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सभा भरते. कोरम पूर्ण असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला तो आजवर कधी पूर्ण झालेला नाही, हे जाता जाता.

याला कारण आमचा पुतण्या. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन मित्रांना हाताशी धरून गेम बनवतोय. जहाजं, ग्रह, लेझर, मिसाईल, सगळी नेहमीची आतषबाजी. काहीतरी नवीन शस्त्र पाहिजे म्हणून पोरानं फार लांब न जाता हाकेच्या अंतरावरच्या शिंगणापूरकडं पाहिलं आणि 'साडेसाती' कागदावर उतरवली.

कल्पना वाईट नाही. जहाजाची ताकद 3,000 धरा. साधं लेझर सेकंदाला 100 खातं, म्हणजे नेम धरून बसलं तर अर्ध्या मिनिटात खेळ खलास. साडेसाती सेकंदाला फक्त 8 खाते, पण एकदा लागली की साडेसात मिनिटं सुटत नाही. 450 सेकंदांची बेरीज 3,600. तीन अडीचक्या आहेत. पहिल्या अडीचकीत इंजिन मंदावतं, दुसरीत तोफा अडकतात, तिसरीत ढाल गळते. निवृत्त गुरुजींनी खडूनं ओट्यावरच गणित तपासलं. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, भागिले बारा राशी, म्हणजे राशीला अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. "शास्त्राला धरून आहे," असा निर्वाळा देऊन त्यांनी हात झटकले.

अडचण वेगळीच होती. समोरच्याचे 3,000 संपेपर्यंत साडेसाती लावणारा सव्वासहा मिनिटं जगायचा कसा? ज्याला लागली तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच लेझर चालवून लावणाऱ्याचा निकाल लावतो. पुढं त्याची साडेसाती चालू राहते, पण सांगायला कुणी उरत नाही. शस्त्र फार दुबळं की फार भारी, म्हणजे पोरांच्या भाषेत 'ओपी', हे ठरवायला पुतण्यानं प्रस्ताव ओट्यावर मांडला. गावातलं एकही काम ओट्यावर मांडून मार्गी लागलेलं नाही हे त्याला कोण सांगणार!

पहिली दुरुस्ती माजी चेअरमनांची. "हप्त्यानं डॅमेज चालणार नाही. एकरकमी पाहिजे." त्यांच्या सांगण्यात दम होता. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. तरी एकरकमी एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या किमान दरासाठी, उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. "हप्त्यानं मरायचं काय असतं ते आम्हाला इचारा," ते म्हणाले. लगेच दुसऱ्यानं विचारलं की 3,600 हे ढोबळ डॅमेज आहे की तोडणी-वाहतूक वजा जाता हातात पडणारं? तिसऱ्याला उतारा काय धरलाय ते हवं होतं. पुतण्या वहीत लिहून घेत होता. मला त्याची दया आली.

"एकरकमी केलं तर ओपी होतंय, आबा," तो म्हणाला आणि त्यानं आइसलँडच्या एका कंपनीची हकिगत सांगितली. 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा त्यांचा अवकाश-लढाईचा गेम 2003 पासून चालू आहे. त्यात टायटन नावाची अजस्र जहाजं असतात. त्यांच्यावरच्या 'डूम्सडे' शस्त्राचं एक बटण दाबलं की भोवतालचा आख्खा ताफा साफ व्हायचा. लोकांनी बोंब ठोकली आणि 2009 च्या अखेरीस कंपनीनं ते छाटलं. एका वेळी एकच जहाज. पण भांडणं काही थांबली नाहीत. जानेवारी 2014 मध्ये एका गटाचं सूर्यमालेच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं, ताबा सुटला आणि लढाई पेटली. 21 तास चालली. 75 टायटन गेले, नुकसान खऱ्या पैशात 3 लाख डॉलरच्या घरात काढलं गेलं. लढायला आले साडेसात हजारांवर खेळाडू.

"साडेसात!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली.

कोपऱ्यातला वायरमन पहिल्यांदाच बोलला. "बिल थकल्यावर काय होतं ते मी घरोघर सांगत फिरतो. मलाच शिव्या देतात."

मग रेंजवर गाडी आली. पुतण्याचं म्हणणं, जवळून मारा करावा लागला तर मारणाऱ्यालाही धोका राहील आणि शस्त्र आपोआप काबूत येईल. सभेनं ते ऐकून घेतलं आणि 25 किलोमीटर हवाई अंतराचा ठराव एकमतानं मंजूर केला. दोन साखर कारखान्यांत राज्यात तेवढंच अंतर ठेवावं लागतं, मग दोन जहाजांनी काय घोडं मारलंय? अवकाशात हवा नसते, ही सूचना अल्पमतात गेली.

जहाजांची चर्चाही ओघानं झालीच. शत्रूला न दिसणारं जहाज बनवायला पोरं महिनाभर खपत होती. ट्रॅक्टरवाल्यानं एका वाक्यात सोडवलं: "डबल ट्रॉली. माग लाईट नाय, रिफ्लेक्टर नाय, वरून पाचट लोंबतंय. गळीत हंगामात रात्री राहुरी रोडला ये, धडकल्याशिवाय दिसली तर नाव बदलीन." पुतण्यानं ते तसंच घेतलंय. वेग सर्वांत कमी, ओव्हरटेक करणं अशक्य.

बिनढालीचं जहाज ही मात्र गुरुजींची देणगी. शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, कारण चोरी करणाऱ्याला देव बघून घेतो. तसं जहाजाला ढालच द्यायची नाही, जो गोळी घालेल त्याला साडेसाती उलटी लागेल. पुतण्याचे डोळे चमकले. पण एकानं शंका काढली: असं जहाज असेल तर दुसरं कोण घेईल? सगळेच बिनढालीचे, सगळेच एकमेकांकडं बघत उभे. मग अट घातली, या जहाजानं स्वतः एकही गोळी झाडायची नाही. झाडली की संरक्षण गेलं. ही अट ऐकल्यावर त्या जहाजाला ओट्यावर एकही गिऱ्हाईक उरलं नाही. देवावर भरवसा ठेवायचा तोही बेतानंच, असं आपलं धोरण आहे. 2011 साली शिंगणापुरात एका बँकेनं कुलपाविना शाखा काढली तेव्हा देशभर बातमी झाली. रोकड काय टेबलावर पसरून ठेवली नसणार.

मग साडेसातीवर उतारा म्हणून तेल आलं. पूजेच्या ताटाचा धंदा करणाऱ्या एकानं सुचवलं की जहाजावर तेल ओतलं की साडेसाती निम्मी व्हावी, आणि तेलाची बाटली गेममध्येच विकत मिळावी. पुतण्या कळवळून म्हणाला, "याला पे टू विन म्हणतात, मामा. पैसेवालाच जिंकणार." मामांना यात आक्षेपार्ह काय ते कळेना. बचत गटाच्या काकू दळण घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "बायांना चालवता येईल ना रे तुझं जहाज? शनीच्या चौथऱ्यावर चढायला 2016 चा एप्रिल बघावा लागला, म्हणून आधीच इचारते." तो हो म्हणाला. काकू गेल्या. सगळ्या सभेत एका मिनिटात निकाली निघालेला हा एकच मुद्दा.

नशिबाचा भाग असावा, शनीची दृष्टी कधी पडते कधी नाही, अशीही सूचना आली. ती पुतण्यानं इतिहासाच्या आधारे फेटाळली. 1962 साली अमेरिकेत एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी 'स्पेसवॉर' बनवला. दोन जहाजं, मधे एक तारा, टॉर्पेडोंची मारामारी. रसेलनं एकदा टॉर्पेडो खऱ्यासारखे थोडे बेभरवशाचे करून पाहिले. खेळणाऱ्यांना ते अजिबात पटलं नाही, शेवटी मागं घ्यावं लागलं. नेम आपला असताना चुकवणारं मशीन माणसाला सहन होत नाही. "तिकडं पत्रिका नाहीत ना," गुरुजी म्हणाले. "आपल्याकडं चुकलेल्या नेमाचं खापर फोडायला बारा घरं आहेत."

गेम कधी येणार, हा प्रश्न एकानं भाबडेपणानं विचारला. 'स्टार सिटिझन' नावाच्या अवकाशाच्या गेमसाठी 2012 पासून लोकांकडून पैसे गोळा होताहेत आणि तो अजून पूर्ण झालेला नाही, असं उत्तर मिळाल्यावर कुणाच्या भुवया हलल्या नाहीत. 1970 साली मान्यता मिळालेल्या निळवंडे धरणाचं पाणी कालव्यात सुटायला या जिल्ह्यानं 2023 पर्यंत वाट पाहिली आहे. तेरा-चौदा वर्षांचं काय कौतुक!

फक्त नावाला हरकत निघाली. देवाच्या नावावर मोबाईलवर काही करू नकोस, देवस्थानच्या बनावट अ‍ॅपचं प्रकरण 2025 साली विधानसभेपर्यंत गेलं होतं, असं सर्वांनी बजावलं. अशा रीतीनं साडेसाती एकरकमी पण दोन हप्त्यांत, 25 किलोमीटर हवाई अंतरापर्यंत, तोडणी-वाहतूक वजा जाता, तेलाच्या अधीन राहून आणि बिननावाची मंजूर झाली. पुतण्यानं रात्री आकडे घालून पाहिले. ती आता कुणालाच काही करत नव्हती.

खरी गंमत पुढं आहे. सभा उठताना टॅक्सीवाला म्हणाला, "पोरा, तुझ्यात लटकू नाय का?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शिंगणापूरच्या रस्त्याला परगावची नंबरप्लेट दिसली की मोटरसायकल मागं लागते. पोरगं गाडीच्या काचेशी वाकून पुढं पार्किंग बंद असल्याचं सांगतं, हात दाखवत गाडी वळवतं, आणि तुम्ही भानावर येता तेव्हा हातात तेल, रुई आणि काळं कापड असतं. तो लटकू.

पुतण्यानं चेष्टा म्हणून 'लटकू ड्रोन' घातला. डॅमेज शून्य. नुसता जहाजाच्या बाजूनं उडतो आणि त्याला आपल्या तळाकडं वळवतो. रविवारी पुण्याच्या मित्रांशी चाचणी लढाई झाली. त्यांची बारा लेझरवाली जहाजं सुसाट आली आणि चौथ्या मिनिटाला बाराच्या बारा ओळीनं पार्किंगला लागली होती. ढाल गोळी अडवते, आग्रह अडवत नाही. ड्रोनवर गोळी चालेना, कारण तो शत्रू म्हणून नोंदलेलाच नाही. मित्राचा फोन आला, "अरे, माझ्या फ्लॅगशिपनं तेल कसं काय घेतलं?"

हे उघड उघड ओपी होतं. रेंज कमी केली तर ड्रोन वेशीपाशी न थांबता राहुरीलाच जाऊन उभे राहिले. दारूगोळा काढून घ्यावा तर तो मुळातच नव्हता. इंधन महाग केलं तर ते कमिशनमधून भागायला लागलं. दोन माऱ्यांमध्ये सक्तीची विश्रांती ठेवली, तर विश्रांतीला गेलेल्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ आला.

सोमवारी पुतण्यानं ओट्यावर ठराव मांडला की लटकू छाटावा. साडेसातीला अकरा दुरुस्त्या सुचवणारी सभा एकदम गार पडली. अनुमोदन द्यायला कुणी हात वर करेना. मामा चपला शोधू लागले. गुरुजींनी ओट्यावरचं खडूचं गणित पुसायला घेतलं. रस्त्याकडेच्या प्लॉटांवर 'मोफत पार्किंग'चे बोर्ड कुणाकुणाचे आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पोराला तेवढं ठाऊक नव्हतं.

"राहू दे की," माजी चेअरमन शेवटी म्हणाले. "गोरगरिबाचं शस्त्र हाय ते. तू आपली साडेसाती अजून थोडी कमी कर."