तांदूळ रंगवण्याआधी हे वाचा

घरात तीन ते सहा वर्षांचं मूल आहे, त्याला इतक्यात शाळेत घालायचं नाही असं ठरलं आहे, आणि ते ठरवणाऱ्या दोघांपैकी एकानं तरी रात्री जागून परदेशी आयांचे व्हिडिओ पाहिले आहेत, अशा जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. नाशिक-पुण्याच्या पालकांनी ती आपल्या जबाबदारीवर वापरावी. तिकडचं ऊन आमच्या कामाचं नाही.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून, आणि त्याचा संबंध 6 ते 14 या वयाशी. चार वर्षांच्या मुलाला घरी ठेवल्याबद्दल सरकार नोटीस पाठवत नाही. नोटीस मिळते ती सकाळी भाजीच्या गाडीपाशी. "कुठे टाकलं मग त्याला?" या प्रश्नाला "अजून कुठेच नाही" असं सरळ उत्तर देऊ नये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ या वयाला पायाभूत स्तर म्हटलंय, तिथे खेळातून शिकवायचं असं लिहिलंय, आणि त्यासाठी 2023 मध्ये एनसीईआरटीनं 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्या-कोड्यांचा संचही काढलाय, एवढं सगळं एका श्वासात म्हणावं. समोरच्या काकू कोथिंबीर न घेताच निघून जातात.

आता साहित्य. साहित्याचा पहिला नियम असा की ते घरात असता कामा नये. लाकडी मणी, लोकरीचे गोंडे, छोट्या मुठीत मावेल असा चिमटा, गुळगुळीत कडांचे सात ट्रे, हे सगळं मागवावं लागतं. घरातल्याच वस्तूंनी मूल शिकलं तर सात ट्रेचं समर्थन कसं करणार? या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालकवर्गाचं फार नुकसान करून ठेवलेलं आहे. माँटेसोरी पद्धतीची साधनं गरिबाला परवडत नाहीत असं दिसल्यावर, 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, या दोघींनी दगड, पानं, बिया आणि शंख-शिंपले यांवर बालवाडी चालवून दाखवली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना रुजली. आज अंगणवाडी ताई खोलीभर मुलं, खिचडी, वजनकाटा आणि सरकारी रजिस्टरं सांभाळत जे करते, तेच आपल्याला एका मुलावर, कूलर लावून, दोघांनी मिळून करायचं आहे. तेव्हा तिला सल्ला विचारायला जाऊ नये. ती हसते.

अरविंद गुप्तांचंही तेच. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या करणाऱ्या या माणसाला 2018 साली पद्मश्री मिळाली, हे मान्य. पण दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्यांना काडेपेटी दाखवून चालत नाही.

साहित्य आलं की पहिला प्रयोग करावा. शास्त्राच्या वहीत लिहितात तसा तो खाली दिला आहे.

उद्देश: मिसळलेली धान्यं चिमट्यानं वेगळी करणे.

साहित्य: दाणा बाजारातून आणलेले स्वच्छ तांदूळ, राजमा आणि काबुली हरभरे, व्हिनेगर, खाण्याचे रंग, सात ट्रे, चिमटा, मोबाइल.

कृती: तांदळाला व्हिनेगर आणि रंग चोळून तो गच्चीवर पसरावा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढेही जातो, तेव्हा खाली जाऊन पाणी पिऊन परत येईपर्यंत तांदूळ वाळलेला असतो. खानदेशाबाहेरच्या पालकांना हे सुख नाही. मग राजमा, हरभरे आणि तांदूळ एकत्र करावेत. मुलानं ते वेगळे करावेत. झाल्यावर पालकांनी पुन्हा एकत्र करावेत.

निरीक्षण: मूल तिसऱ्या राजम्यापर्यंत उत्साहात असतं. चौथा राजमा कूलरच्या टाकीत जातो. एक हरभरा नाकात जाऊ शकतो, म्हणून या प्रयोगात मुलावरची नजर हलवू नये. म्हणजेच मोबाइल खाली ठेवावा, जे बऱ्याच पालकांना या वयात जमत नाही.

अनुमान: हे रिकामं सोडावं.

याच वेळी ओट्यापाशी आजी सूप घेऊन तूरडाळ निवडत बसलेली असते, आणि मूल चिमटा टाकून तिकडे सरकतं. इथे पालकांनी ठाम राहायला हवं. दोन्हींकडे दाणे वेगळे करायचे आहेत हे खरं, पण आजीच्या सुपात खरे खडे आहेत. खडा राहिला तर दुपारी कोणाच्या तरी दाताखाली येणार, आणि तो कोणाच्या नजरेतून सुटला याची जेवताना चर्चा होणार. शिवाय निवडलेली डाळ शिजते, संपते, पुन्हा मिसळता येत नाही. ज्या कामाचा शेवट जेवणात होतो त्याला कृती म्हणता येत नाही, ते काम होतं. घरशाळेत उपयोगाचा अंश शक्यतो शून्यावर ठेवावा.

हा नियम मोडण्याचा सर्वांत मोठा धोका वाळवणाच्या दिवसांत असतो. गच्चीवर पहाटेच बायकांची लगबग सुरू होते. भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजत असतं, ओल्या कापडावर बिबडे थापले जात असतात, पलीकडे कुरडयांचा चीक उतरलेला असतो आणि वाटी घेऊन पोरं रांगेत उभी असतात. अशा दिवशी तुमच्या मुलाला खाली, दारं लावून, खेळण्याच्या पिठाची कृती द्यावी. त्याचं प्रमाण सोपं आहे: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, रंग आणि लागेल तसं पाणी. मीठ एवढं अशासाठी की मुलानं ते खाऊ नये. या गोळ्याचे मुलानं साप, चेंडू, लाडू करावेत. बोटांच्या बारीक स्नायूंना हे फार चांगलं, आणि ते खोटं नाही.

अडचण एवढीच येते की मूल लाडू करतं, ताटलीत ठेवतं आणि विचारतं, "हा कोण खाणार?"

या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं. "हा शिकण्याचा लाडू आहे" असं म्हटल्यास मूल काही बोलत नाही, तुमच्याकडे बघतं, आणि जिना चढून वर जातं. वर आजी उडदाच्या पापडाच्या लाट्या करत असते. ती त्याला एक लाटी तेलात बुडवून खायला देते, ज्याला आहाराच्या कोणत्याही तक्त्यात जागा नाही, आणि दुसरी लाटायला देते. तो जो पापड लाटतो त्याचा आकार साधारण नंदुरबार जिल्ह्यासारखा होतो. एका टोकाला जाड, एका टोकाला आरपार, मध्ये भोक. आजी त्याला "छान" म्हणत नाही. "कड जाड राहिली, तिथे कच्चा राहील" एवढंच म्हणते आणि वाळत घालते. कौतुक कसं करावं यावर तुम्ही वाचलेली तिन्ही पुस्तकं अशा वेळी निरुपयोगी ठरतात. चार दिवसांनी तो पापड तळला जातो, ताटात येतो, आणि खरोखरच कडेला कच्चा निघतो. दुसऱ्या दिवसापासून मूल खेळण्याच्या पिठाकडे बघत नाही. यावर उपाय अद्याप सापडलेला नाही.

काही पालक इथे गांधीजींचा आधार घेतात. त्यांनी जपून घ्यावा. 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली गेली तेव्हा हातानं काम करून शिकणं एवढ्यावर ती थांबली नव्हती. मुलांच्या हातून होणारी वस्तू खरी असावी, विकण्याजोगी असावी, शाळेचा खर्चही तिच्यातून काही निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. त्या काळीही पुष्कळांना तो रुचला नाही, मुलांना कारखान्यात जुंपणार काय, असं विचारलं गेलं, आणि प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण आपल्याकडे दुसरं टोक आहे. कापसाच्या जिल्ह्यात राहून आपण मुलाला कापूस दाखवतो तो पांढऱ्या ढगाच्या चित्रावर डिंकानं चिकटवायला. बोंडातून सरकी काढायला दिली तर पोर अर्धा तास हलत नाही. टकळी दिली तर सूत तुटतं, पुन्हा जोडतं, पुन्हा तुटतं. हे सारं मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. ज्यांना हौस असेल त्यांनी रविवारी जैन हिल्सवर गांधीतीर्थ बघून यावं आणि परत येताना शेव-भाजी खावी. फैजपूरला 1936 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळेल त्या सामानातून अख्खं नगर सजवलं होतं, हेही मुलाला वाटेत सांगता येईल. तो तोपर्यंत झोपलेला असतो.

पाण्याच्या कृती फक्त नळाच्या दिवशी कराव्यात. या भांड्यातून त्या भांड्यात ओतणं, तरंगणं-बुडणं, भोकाच्या वाटीतून गळणं, यांपैकी काहीही चालेल. मात्र जवळपास मणी ठेवू नयेत. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला जुना इतिहास आहे. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आणि त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सर्वांना माहीत आहे: लग्नाचा मुहूर्त साधायला ठेवलेल्या घटिकापात्रात ती कुतूहलानं वाकून बघायला गेली, अंगावरचा मोती आत पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. बारीक वस्तू, पाणी आणि लक्ष नसलेले वडील एकत्र आले की काय होतं याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नसेल. पुढे वडिलांनी तिच्या नावानं गणिताचा ग्रंथ लिहिला, पण प्रत्येक घरात ती सोय नसते.

मापन शिकवायचं असेल तर चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं माळ्यावर सापडतील. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अपूर्णांकाची सगळी बारावी तिथेच होते. आखाजीला सुट्टी द्यावी. त्या दिवशी झोका, गौराईची गाणी आणि गल्लीतल्या मोठ्या पोरी मिळून तोल, ताल आणि पाठांतर उरकून टाकतात, पालकांना करण्यासारखं काही उरत नाही आणि ते उगाच कासावीस होतात.

नातेवाईक दोन नावं हमखास काढतील. एक बहिणाबाईंचं. "असोद्याची ती बाई कुठल्या शाळेत गेली होती?" यावर सांगावं की नाहीच गेली, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि 2018 पासून इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण तिथे प्रवेशाला बारावी लागते. दुसरं नाव साने गुरुजींचं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना ते छात्रालय सांभाळत. मुलांच्या अस्ताव्यस्त वळकट्या स्वतः आवरत, खोल्या झाडत, कपडे धूत. मुलांना लाज वाटे आणि ती हळूहळू स्वतःच करू लागत. आजच्या पालकांनी या पद्धतीचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे आत्मसात केला आहे. मूल उठायच्या आत खेळणी गोळा, ट्रे धुतलेले, फरशीवरचा रंगीत तांदूळ झाडलेला. लाज वाटण्याचा भाग अजून आपल्या घरी पोहोचायचा आहे, आणि तो मुलाच्या आधी मुलाच्या वडिलांकडे पोहोचावा अशी आईची माफक अपेक्षा असते. वडिलांचं काम ठरलेलं आहे. कृती निवडणं, पार्सल उघडणं आणि फोटो काढणं त्यांच्याकडे. झाडू आणि फडकं या साहित्याचा उल्लेख कुठल्याच व्हिडिओत नसल्यामुळे ते कोणाकडे आहे हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

शेवटी मूल्यमापन. ते पालकांनी करायचं नसतं. मे संपता संपता धुळ्याहून मामा येतात, ते करतात. वर्षभराच्या फोटोंची, ठशांची, चिकटकामाची फाइल तयार ठेवावी. मामा ती पाहत नाहीत. पंख्याखाली बसून चप्पल सरकवत ते थेट उमेदवारालाच विचारतात, "काय शिकना रे भाऊ?" अशा वेळी मुलाला रंगांची नावं म्हणायला लावू नये, ते म्हणत नाही. ते आत पळतं, आजीच्या डब्यातून पापड घेऊन येतं, आणि तळून आणायला आईच्या मागे लागतं. मामा पहिला खातात, दुसरा खातात, कडेला कच्चा आहे म्हणतात. मूल सांगतं की कड जाड राहिली म्हणून. आता केलेले खालच्या थरात आहेत, ते तसे नाहीत. मग मामा तेही मागवतात. या प्रसंगाची नोंद वहीत 'मूल्यमापन' या रकान्यात करावी की 'खर्च' या, हे ज्यानं त्यानं आपापल्या आजीला विचारून ठरवावं.