पिवळ्या वायरीचा तानपुरा

निवृत्तीनंतर माणसाने देवदेव करावं, नाहीतर हाय-फायच्या नादी लागावं. दुसऱ्यात खर्च जास्त, म्हणून मी तेच निवडलं.

जुन्या सीडी प्लेअरसाठी एक डॅक आणला. डॅक म्हणजे सीडीतल्या आकड्यांचं गाणं करणारी डबी. प्लेअर आणि डॅक जोडायला एक वायर लागते, आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली. तपकीर गल्लीतल्या दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, कोॲक्शियल देऊ की ऑप्टिकल?"

"फरक काय?"

"कोॲक्शियलमधून करंट जातो, ऑप्टिकलमधून लाइट."

लाइट! 1983 साली तोशिबाने आणलेली ही युक्ती. आत जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा प्लास्टिकचा तंतू, त्यातून धावणारा लाल उजेड. मी तिथल्या तिथे अठराशे रुपये मोजले.

घरी येऊन वायर खोचली, तर ढिम्म आवाज नाही. डॅकच बिघडलाय की काय, हे बघायला कपाटातून जुन्या व्हीसीडी प्लेअरची पिवळी वायर काढली, कोॲक्शियलच्या भोकात घातली, डॅकवरचं बटण तिकडे फिरवलं. भीमसेनजी लगेच गाऊ लागले. म्हणजे दोष ऑप्टिकलचा! दुकानदाराशी भांडायला चप्पल घालतोय, तेवढ्यात सौ. वायर उचलून म्हणाली, "अहो, टोकाची टोपणं काढायची असतात ना?"

दोन्ही टोकांना नखाएवढी पारदर्शक टोपणं होती. ती काढल्यावर वायर 'खट्' करून बसली. प्लेअर लावला आणि काय सांगू! तानपुऱ्याची जवारी अशी कधी ऐकली नव्हती.

पुढचे आठ दिवस येईल त्याला मी ती जवारी ऐकवली. रविवारी मेव्हणे आले. "उजेडातून गाणं येतं, दाखवतोच तुम्हाला," म्हणत मी ऐन आलापीत डॅकमागून ऑप्टिकल वायर उपटली. टोकाशी लाल ठिपका चमकत होता.

आणि भीमसेनजी गातच होते.

मेव्हण्यांनी एकदा ठिपक्याकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे. डॅकचं बटण आठ दिवस कोॲक्शियलवरच होतं. माझी ती स्वर्गीय जवारी पिवळ्या वायरीची होती! "वहिनी, चहा टाका," एवढंच ते म्हणाले. उरलेलं घरच्या मंडळींनी महिनाभर पुरवून पुरवून वापरलं.

नंतर चौकशी केली. कोॲक्शियल जोडणीला 75 ओहमची वायर लागते, आणि व्हिडिओची पिवळी वायरही त्याच मापाची असते. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, हे आकडे हातभर वायरीतून धड पोचले की डॅकचं भागतं. वायरीची किंमत तो विचारत नाही. ऑप्टिकलचा खरा फायदा एवढाच की दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंध राहत नाही, त्यामुळे अर्थिंगची घरघर त्या वाटेने येत नाही. माझ्याकडे घरघर नव्हतीच.

तेव्हा वाचकहो, वायर कुठलीही घ्या. आधी टोपण काढा, मग बटण बघा, आणि पाहुण्यांसमोर काही उपटू नका.