पुड्यामागचे गृहस्थ

बिस्किटांच्या पुड्याच्या पाठीवर एक गृहस्थ राहतात. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या सवयी मला आता पाठ झाल्या आहेत. संध्याकाळी ते पुडा उघडतात, २५ ग्रॅम बिस्किटं बशीत काढतात, खातात आणि पुड्याचं तोंड दुमडून उठतात. शेव असो की वेफर्स, त्यांचा हात ठरल्या जागी थांबतो. दिवसाला त्यांना २००० किलोकॅलरी पुरतात. त्यात स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. ‘प्रति सर्व्हिंग इतके टक्के’ हा सारा हिशेब त्यांच्या नावे मांडलेला असतो, आणि आपण तो आपलाच समजून निर्धास्त होतो. साखर फक्त दहा टक्के! या आनंदात अर्धा पुडा कधी संपतो ते कळतही नाही.

मला त्यांचा हेवा वाटतो, जरा कीवही येते. त्यांच्याकडे पाहुणे जात नसावेत, आणि त्यांना कुणी जेवायला बोलावत नसावं. किती खायचं हे आपल्याकडे खाणाऱ्याने ठरवल्याचं मला तरी आठवत नाही. ते वाढणाऱ्याच्या मर्जीवर. पंगतीत पानावर आडवा धरलेला हात म्हणजे नकार नव्हे, ती आग्रहाची सुरुवात. माझी एक मावशी त्या हाताच्या बोटांमधल्या फटीतून जिलबी अलगद पानावर उतरवायची आणि ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणत पुढच्या पानाकडे सरकायची. एवढंसं म्हणजे किती, हे छापायला आजवर कुठल्या कारखान्याला जमलेलं नाही.

घटकांची यादी मात्र मी चवीनं वाचतो. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं मानानं लागतात, इथे ती वजनानं लागतात. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो पहिला. समोर नाचणीचं कणीस डौलानं डोलत असतं, आणि मागे पाहावं तर मैदा, साखर, पामतेल अशी वडीलधारी मंडळी पुढे बसलेली. नाचणी खाली कुठेतरी, कंसात आपली चिमुकली टक्केवारी सांभाळत उभी. साखरेचं तर घरच वेगळं झालेलं असतं: एक साखर, एक इन्व्हर्ट सिरप, एक लिक्विड ग्लुकोज. विभक्त राहिल्यानं प्रत्येकाचा नंबर खाली लागतो. एकत्र कुटुंब असतं तर थेट पहिल्या ओळीत बसावं लागलं असतं. शेवटी आयएनएसचे आकडे येतात, त्यांना उगाचच घाबरायला होतं. त्यातले काही आपल्या ओळखीचेच निघतात: ३३० म्हणजे लिंबूफूल, ४१४ म्हणजे बाभळीच्या कुळातला डिंक, १०० म्हणजे हळदीचा पिवळा रंग. नेहमीची माणसं गणवेशात दिसली की बिचकायला होतं, तसंच हे.

बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरातलं वाचन वाढलं. आई दुकानात भिंग घेऊन जाते. फरसाणाच्या पाकिटावर तिनं मीठ शोध शोध शोधलं. आकड्यांत मीठ नव्हतंच, सोडियम होतं. त्याला अडीचनं गुणायचं हे कळल्यावर ती मनातल्या मनात भराभर गुणू लागली. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दोन ग्रॅम मीठ. आणि दिवसाचा सगळा शिधा जेमतेम पाच ग्रॅमचा. ‘अहो, आमटीला काय उरणार मग?’ असं म्हणून ती पाकीट फळीवर परत ठेवते. बाबा ते पुन्हा उचलतात. मागून ढकलगाड्या तुंबतात, पण दोघं एकाच पाकिटावर डोकी जोडून उभी असतात. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती इतकी जवळ उभी नाहीत.

परवा अखेर तह झाला. फरसाण घरी आलं. आईनं ओट्यावर वजनकाटा मांडला, वाटी ठेवली आणि बरोबर २५ ग्रॅम मोजलं. बाबा वाटीकडे पाहत राहिले. बोलले काहीच नाहीत. आईनं थोडी शेव उचलून वरून टाकली. मग थोडी पापडी.

‘अगं, ३० झाले की,’ बाबा म्हणाले.

‘काटा जुना आहे,’ आई म्हणाली.