काकांची पेटी, काकूंचा प्रश्न

अहो वहिनी, ऐकलंत का? समोरच्या काकांच्या गाडीतली ती पेटी काल पुन्हा बाहेर निघाली! कसली म्हणजे काय, त्या दुसऱ्या बॅटरीची! २०२१ साली सरकारनं कॅराव्हॅनचं धोरण आणलं, तेव्हापासून काकांना हे खूळ लागलंय, सगळ्या गल्लीला माहितीये. ट्रॅव्हलर आली, आत पलंग झाला, ओटा झाला, मग फ्रिज-पंख्याला वेगळी बॅटरी. गाडीच्याच बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवला तर सकाळी स्टार्टर कुठला फिरतोय! आणली ती घरच्या इन्व्हर्टरला असते तसलीच, १५० एएचची ट्युब्युलर. पन्नास किलोच्या वर वजन... काकांची कंबर धरली ते तर तुम्हाला ठाऊकच आहे.

तर काय सांगत होते, कव्हर! सुताराकडून मरीन प्लायची पेटी करून घेतली, वर सनमायका, झाकणाला चहूबाजूंनी रबर. "मुंगी शिरणार नाही," येईल त्याला दाखवत होते. पलंगाखाली अगदी फिट्ट!

आणि परवा आले जावई. झाकण उचललं, वाकून बघितलं नि म्हणाले, "बाबा, गॅस कुठून जाणार?" चार्ज होताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते ना! हवेत चार टक्के साठला की एक ठिणगी पुरे. आणि वर झोपणार कोण? काकू! काकांचा चेहरा असा पडला म्हणता... सुतार म्हणतो कसा, "साहेब, फट नको असं तुम्हीच म्हणालात."

मग काय, जावयांची गाडी सुटलीच. हायड्रोजन हलका, म्हणून वरच्या अंगाला नळी काढा, हवा यायला खाली दुसरी, दोन्हींची तोंडं गाडीबाहेर. तळाला प्लास्टिकचा ट्रे, ॲसिडनं प्लाय खायला नको. घाटात सरकू नये म्हणून पट्टा आवळा. टर्मिनलवर रबरी टोप्या, चुकून पाना आडवा पडला तर... आणि प्लसच्या वायरला बॅटरीपाशीच फ्यूज. काका मुकाट लिहून घेत होते हो, लाइट बिलाच्या पाठीवर!

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे खालीसुद्धा ठेवला नाही. "आणि पाणी कुठून घालायचं?"

झालं! आता जावई गप्प. घरच्या इन्व्हर्टरला डिस्टिल्ड वॉटर काकूच घालतात ना, काकांनी कधी ढुंकून बघितलंय? पेटी नि पलंगाची फळी यांत चार बोटं जागा नाही. पाण्याची खूण दाखवणारे ते तरंगते दांडे दिसणार कसे, नि बाटली वाकडी करणार कुठे?

जावई चाचरत म्हणाले, "लिथियम घ्या, पाण्याची भानगडच नाही, वजनही निम्म्याहून कमी." किंमत ऐकली मात्र, काका एकदम शास्त्रज्ञ झाले! "ती शून्याखाली चार्ज करत नाहीत. लडाखला काय करायचं?" काकू म्हणाल्या, "लडाख? अहो, अजून अलिबाग झालं नाहीये!" सुतारानं तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसलेच मला.

आता म्हणे पलंगाच्या फळीला बिजागऱ्या लावायच्या. काकूंची अट एकच, दर वेळी गादी काकांनी उचलायची. कमरेचं काय ते त्यांचं ते बघतील! सुतार उद्या अकराला येतोय. मी धुणं घेऊन गच्चीत असणारच... तुम्हीही या की पापड वाळत घालायला!