पुढे न्या!

बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला उल्हास नदी जवळची. पावसाने जोर धरला की ती आमंत्रणाची वाट न पाहता घरात येते. सरकारी इस्पितळाचे तसे नाही. तिथे आपल्यालाच जावे लागते, आणि एकदा गेले की बरेच पुढे जावे लागते.

बदलापुरात छातीत कळ आली की पहिला मुक्काम ग्रामीण रुग्णालय. सरकारी निकषाने ते 30 खाटांचे. 2011 च्या जनगणनेत हे शहर पावणेदोन लाखांचे होते; नंतर टॉवरांमागून टॉवर उभे राहिले, इस्पितळाच्या लेखी मात्र बदलापूर अजून ग्रामीणच. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात आणि दोन शब्दांत उपाय सांगतात : पुढे न्या.

पुढे म्हणजे अंबरनाथचे छाया रुग्णालय. त्याच्या पुढे उल्हासनगरचे मध्यवर्ती, मग कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज. तिथूनही निघालात तर शीवला लोकमान्य टिळक, परळला केईएम, भायखळ्याला जेजे. महाराष्ट्राची आरोग्यव्यवस्था विस्कळीत आहे म्हणणाऱ्यांनी एकदा मध्य रेल्वेचा नकाशा पाहावा. सगळे कसे ओळीने आहे!

या प्रवासात खरा रुग्ण तो कागद. बदलापुरात कडक असलेली चिठ्ठी उल्हासनगरपर्यंत घडीवर फाटते. प्रत्येक खिडकीवर नवा केसपेपर, प्रत्येक टेबलावर मागच्या डॉक्टरांचे अक्षर लावण्याची खटपट. सोबतचा मेव्हणा एका हाताने सलाइनची बाटली उंच धरतो आणि दुसऱ्या हाताने फोन लावतो, ‘‘दादा, तिकडे कोणी ओळखीचं आहे का?’’ औषधाआधी ओळख लागू पडते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

उपचार फुकट आहेत, हे मान्य करायलाच हवे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. त्याच्या दोनच दिवस आधी कळव्यात 24 तासांत 18 रुग्ण दगावले होते. ते रुग्णालय ठाणे महापालिकेचे, खाटा 500. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेले, त्यामुळे तिकडचाही भार कळव्यावर. जिल्हा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचा. चौकशी समिती मात्र वेळेवर नेमली गेली.

आता टेबलाच्या पलीकडे पाहू. वॉर्डात रात्री खाटांपेक्षा जास्त पेशंट आणि त्यांना पुरून उरणारी एक सिस्टर. सलाइन तिनेच लावायची, रजिस्टर तिनेच भरायचे, नातेवाइकांच्या शिव्याही तिनेच ऐकायच्या. डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर 3 वर्षांपर्यंत कैद, असा कायदा 2010 पासून आहे. हात उचलणारा तो वाचून येत नाही, एवढीच अडचण. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कर्मचारी तर वर्षानुवर्षे कंत्राटी. 10 वर्षे झालेल्यांना सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला. त्याची अंमलबजावणी करा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनाच संपावर जावे लागले.

अपुऱ्या मनुष्यबळावरचा सर्वांत झटपट उपाय नांदेडला सापडला. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळे. खासदार हेमंत पाटील पाहणीला आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले. सफाई कामगाराची एक जागा तेवढ्यापुरती भरली गेली, पगारही वाचला.

हेंद्रेपाड्याच्या वाट्यालाही शुभवार्ता आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या 10 सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरस्थ उद्घाटन केले, त्यांत अंबरनाथचे एक. जागा 100. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप धरता पहिली तुकडी 2030 च्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडेल. रहिवाशांनी आपापली दुखणी त्या बेताने पुढे ढकलावीत, ही नम्र विनंती.