चपला इथे ठेवा

पळसदरीला १८५६ सालापासून आगगाडी येते आहे. आमच्या टेबलापाशी मात्र सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत फारसं कोणी फिरकलं नव्हतं.

गुरुवार होता. स्वामी समर्थांच्या मठाकडे माणसांची रीघ लागलेली. एवढी गर्दी आयती मिळते म्हणून आम्ही चार मित्रांनी (तिघे निवृत्त, चौथा त्याच बेतात) वाटेवर सर्पदंश जनजागृतीचा स्टॉल टाकला होता. पावसाळा तोंडावर, भातशेतीचा तालुका, वाड्यापाड्यांवर माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी. विषय गरजेचा होता यात शंका नाही. घोळ बॅनरमध्ये होता. 'सर्पदंश : समज, गैरसमज आणि शास्त्रीय दृष्टिकोन' हे सहा फुटी शीर्षक माझं. मी जन्मभर मराठी शिकवलं. ते वाचून होईपर्यंत माणूस मठात पोचलेला असे.

जे थांबले त्यांतल्या एकाने नारळ केवढ्याला ते विचारलं. एका काकांनी पत्रक घेतलं, दोन्ही बाजूंनी निरखलं आणि त्यावर वडापाव ठेवला. घोणस नेमकी तेलाच्या डागाखाली आली. २००० ते २०१९ या वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, हा आकडा मी पाठ करून आलो होतो. तो ऐकून लोक "अरेरे" म्हणत आणि पुढे नारळ शोधायला जात.

साडेबाराच्या सुमाराला एक मावशी आल्या, वाकून टेबलाखाली चपला सारल्या आणि "दादा, लक्ष ठेवा हं" म्हणून चालत्या झाल्या. एका जोडामागून दुसरा आला. अर्ध्या तासात टेबलाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. मी रागावून काही बोलणार, तोवर बँकेत जन्म गेलेल्या आमच्या मित्राने सवयीने टोकनं द्यायला सुरुवात केली. टोकन म्हणजे आमचंच पत्रक, कोपऱ्यात आकडा टाकलेलं. सकाळपासून फुकट फारसं कोणी घेत नव्हतं, तेच पत्रक आता लोक घडी घालून पाकिटात, पदराच्या गाठीत जपायला लागले. चपला अडकल्या होत्या ना!

मग आम्हाला जोर चढला. टोकन दाखवलं तरी चपला लगेच नाहीत. आधी एका प्रश्नाचं उत्तर. नाग दूध पितो का? घोणस चावली तर जखमेवर ब्लेड मारायचं का? चुकलं तरी चपला मिळत, पण बरोबर उत्तर ऐकूनच. एका बाईंनी तर नवऱ्याचा प्रश्नही स्वतःच सोडवला आणि त्याला म्हणाल्या, "बघा, घरी मी सांगते तेव्हा ऐकत नाही."

मित्राच्या नातवाचा एक रबरी विंचू पिशवीत होता. म्हाताऱ्यांच्या चपलांना हात लावायचा नाही, एवढं पथ्य ठेवून तो सोंडाई किल्ला उतरून आलेल्या एका कॉलेजकुमाराच्या बुटात सोडला. त्याने बूट न झटकता पाय घातला. पुढची उडी पाहायला चाळीसएक माणसं जमली, आणि ती पांगायच्या आत मी घाईघाईने आमच्याच जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम सांगून टाकलं. महाडकडे विंचवाने माणसं पटापट मरत, तेव्हा रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी त्या विषावर वापरलं. १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातले चाळीस दगावायचे तिथे एकावर आलं. सगळे ऐकत होते. कॉलेजकुमार सगळ्यात जास्त.

गर्दीच्या कडेला पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसलेली ठाकरवाडीची आजी कधीची आमच्या चित्रांकडे बघत होती. ती उठून आली आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "मास्तर, ही मण्यार नाय. कवड्या हाय."

मी चष्मा चढवला. "कशावरून, आजी?"

"याचं पट्टं मानेपासनं. मण्यारीचं शेपटीकडं दाट."

बरोबर होतं. बिनविषारी कवड्याच्या पोटाखाली मी ठळक अक्षरांत 'अतिविषारी' छापून आणलं होतं, तेही दोनशे प्रतींत. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्ची आजीला दिली. मण्यार रात्री अंथरुणात येते, चावलेलं धड कळतही नाही, सकाळी माणसाच्या पापण्या मिटायला लागतात, हे ती करवंदं मोजता मोजता सांगत गेली आणि एकही माणूस नारळ शोधायला गेला नाही. करवंदंही संपली. मी टेबलाखाली बसून चपला काढून देत होतो.

संध्याकाळी खोपोली लोकलची वेळ झाली. मी माझ्या चपला मागितल्या. बँकवाला हात पुढे करून म्हणाला, "टोकन?"

टोकन नव्हतं. प्रश्नावर तडजोड झाली. "रात्री मण्यार चावली. काय करायचं? एका वाक्यात."

"सर्वप्रथम असे की..."

"एका वाक्यात, गुरुजी."

"हातपाय हलवायचे नाहीत, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठायचा, तिथे प्रतिविष असतं."

"ही पाच झाली," तो म्हणाला आणि एकच चप्पल पुढे सरकवली.